उजवी बाजू वर

पुतळा पाहून लोक हसत होते, आणि पुतळा होताही तसाच. बर्फाचा कात्सुजी दोन माणसांएवढा उंच, कान बाहेर आलेले, गाल फुगलेले, आणि पाटी रंगवताना त्याची जीभ जशी दातांत यायची तशीच ती दातांत धरलेली. डाव्या हातात केरसुणीएवढा ब्रश. नोबुएच्या शेजारी उभी असलेली एक बाई लोणी घातलेला गरम बटाटा फुंकत फुंकत मैत्रिणीला सांगत होती, की हा अगदी आमच्या मामंजींसारखा दिसतो, तसाच हट्टी असणार मेला. नोबुएही हसली. दवाखान्यात नवऱ्यासमोर, खऱ्या कात्सुजीसमोर, ती रोज हसायची, पण ते हसू घरून करून नेलेलं असायचं, डब्यातल्या भातासारखं. हे आपणहून आलं होतं. मग तिची नजर पुतळ्याच्या हनुवटीवरून छातीवर उतरली आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. पुतळ्याच्या अंगातल्या किमोनोची उजवी बाजू वर होती. तिने स्वतःच्या छातीवरून हात फिरवून पाहिला, समोरच्या माणसाची डावी म्हणजे आपली उजवी, हे मनात पुन्हा घोळवलं. चूक तिच्या पाहण्यात नव्हती. उजवी बाजू वर होती, डावी आत होती. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, जरा पुढे सरका, आम्हालाही बघू द्या, आणि ती पुढे सरकली.

जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू उजवीवर येते, मेलेल्याची उजवी डावीवर. एवढं साधं आहे ते, आणि त्यात कुणी चुकत नाही, कारण चुकू देत नाहीत. नोबुए लहान असताना न्हाणीघरातून कुडकुडत बाहेर यायची आणि अंगावर कपडा कसाबसा गुंडाळायची, तेव्हा आई पाठीत धपाटा घालून म्हणायची, अगं कार्टे, मेलीस का काय? मग तीच दोन्ही बाजू सोडवून पुन्हा नीट घालून द्यायची. त्या धपाट्याने ते हातांत बसलं होतं, डोक्याला विचारावं लागत नव्हतं. म्हणून तर सासू गेली तेव्हा पंचाईत झाली. नोबुए आणि तिची जाऊ, दोघी मिळून म्हातारीला शेवटचा पांढरा किमोनो घालत होत्या, आणि नोबुएचे हात आपले सवयीने डावी बाजू वर आणायला निघाले. जावेने तिचं मनगट घट्ट धरलं. उलट, म्हणाली. आता उलट. नोबुएला तेव्हा रडू आलं होतं ते सासूसाठी नव्हतं, त्या 'आता'साठी होतं. कालपर्यंत जे केलं की धपाटा बसायचा तेच आज करायचं, आणि ते बरोबर. आता भर ओदोरी बागेत, दुपारच्या उन्हात, पोराबाळांच्या गर्दीत तिचा नवरा तसा उभा होता, जीभ दातांत धरून, मेलेल्याच्या कपड्यांत. आणि तो अजून मेला नव्हता. बागेपासून ट्राममध्ये बसलं की पाचव्या का सहाव्या थांब्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवर तो तिची वाट पाहत पडला होता.

त्याला अल्सर आहे असं सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी नोबुएला एकटीला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि सांगितलं की पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. यजमानांना आपण अल्सर म्हणू, म्हणाले, सगळेच तसं म्हणतात. आणि नोबुएने काय केलं, तर कमरेत वाकून त्यांचे आभार मानले. तो नमस्कार तिला पुढे रात्रंदिवस आठवत राहिला. नवऱ्याचं मरण हातात ठेवलं, आणि आपण त्याबद्दल आभार मानले, जसं काही कुणी घरी सुकी मासळी पाठवली. त्या दिवसापासून ती झाकली मूठ घेऊन फिरत होती. कुणालाही सांगितलं नव्हतं, दिराला नाही, जावेला नाही. खोलीत शिरण्याआधी दवाखान्याच्या धुण्याच्या खोलीत जाऊन ती तोंडावर गार पाणी मारायची, गाल चोळून लाल करायची, आणि मग आत जाऊन बाजारातल्या गमती सांगायची. शेजारणीने मोठ्या प्रेमाने फुललेलं रोपटं कुंडीसकट आणलं, तर तिने ते दारातूनच परत पाठवलं, कारण आजाऱ्याजवळ मुळं असलेलं काही ठेवत नाहीत, आजार मूळ धरतो. शेजारीण हिरमुसली. कात्सुजी खाटेवरून म्हणाला, अगं, अल्सर तो, त्याला कसली मुळं? आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला. की तिला तसं वाटलं? हल्ली त्याच्या प्रत्येक वाक्यात तिला दुसरं वाक्य ऐकू येई. तो डॉक्टरांना नावं ठेवी, पाटी एवढी मोठी आणि दुकानात माल नाही म्हणे, आणि ती घाबरून विचार करी की ह्याला कळलं वाटतं.

पुतळ्याचं त्याला कळायला नको होतं, पण कुदोच्या पोटात काही राहत नाही. कुदो मासळीवाला, बाजारपेठेतला, कात्सुजीचा शाळेपासूनचा सोबती. बाजारपेठेतली ही मंडळी दर हिवाळ्यात बागेतल्या बर्फाच्या सोहळ्यात स्पर्धेसाठी एक पुतळा करतात, आणि आजवर त्याचं चित्र काढायचं काम कात्सुजीचं असे, आणि ओरडायचंही. या वर्षी तो खाटेवर, म्हणून त्यांनी त्याचाच पुतळा करायचं ठरवलं, गुपचूप. आणि मग कुदो भेटायला आला आणि दारातूनच म्हणाला, तुझं तोंड बर्फात करायला किती बर्फ लागतं माहीत आहे का रे? तेव्हापासून कात्सुजी दर भेटीत विचारत होता, फोटो कधी आणतेस. तब्येतीबद्दल तो विचारत नसे, फोटोबद्दल विचारी. काल तर त्याने पेज खाल्लीच नाही, फोटो आण, मग खातो, म्हणाला, लहान मुलासारखा. आणि त्याने खावं म्हणून नोबुए वाटेल ते करायला तयार होती. दिराचा कॅमेरा तिच्या पिशवीत होता. तो बाहेर काढायला हात धजत नव्हता.

बाजारपेठेच्या तंबूत कुदो हातात गरम पेयाचा पेला धरून बसला होता. तिला पाहून उठला. "या वहिनी. पाहिलात? जिवंत वाटतो की नाही?"

तिने नुसता आपल्या गळ्यापाशी हात नेला, आणि बोटांनी एक बाजू दुसरीवर घेऊन दाखवली, उलटी. कुदोला आधी समजलं नाही, त्याला वाटलं तिला थंडी वाजतेय. मग तो तंबूच्या तोंडाशी आला, पुतळ्याकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवून डावं-उजवं जुळवून पाहिलं, आणि पेला हातातच कलला, त्यातलं पेय बुटावर सांडलं. सकाळपासून एवढी माणसं येऊन गेली, परीक्षक येऊन गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. जो तो तोंडाकडे पाहतो, कानांकडे पाहतो.

"डावखुऱ्याचा हात कुणाला जमेना वहिनी," तो म्हणाला. "ब्रश धरलेला डावा हात काढायला गेलं की वाकडाच यायचा. मग मी म्हटलं, मीच समोर उभा राहतो, उजव्या हातात ब्रश धरतो, तुम्ही आरशात दिसतं तसं करा. आपोआप डावा होईल. अंगात किमोनोही घातला मी, थंडीत. सगळे म्हणाले, काय डोकं आहे." तो थांबला. "हाताबरोबर किमोनोही आरशातला आला. माझी अक्कल." मग त्याने नेहमीचा हसरा सूर लावला, की चालायचं, अल्सरचाच माणूस तो, बर्फ वितळलं की येईल शिडी घेऊन पाट्या रंगवायला, आणि आपण जन्मभर त्याला चिडवू, तुला एकदा मारला होता म्हणून. नोबुएने हसायला हवं होतं, दवाखान्यात रोज हसते तसं, पण तोंडावर मारायला गार पाणी जवळ नव्हतं. कुदो तिच्याकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला. तिने शब्दही न उच्चारता मूठ उघडली होती. तो आत गेला, रुंद पात्याची छिन्नी, हातोडा आणि शिडी घेऊन आला, आणि दोरी ओलांडून चौथऱ्यावर शिडी लावून पुतळ्याच्या गळ्यापर्यंत चढला.

आदल्या दोन दिवसांत ऊन पडलं होतं आणि मग पुन्हा कडाक्याची थंडी. वरचं मऊ बर्फ विरघळून आता दगड झालं होतं. कुदोने छिन्नी गळ्यापाशी टेकवली आणि हलका घाव घातला. आतून पोकळ, वाईट आवाज आला. पाहणाऱ्यांतलं एक पोर टाळ्या वाजवायला लागलं, त्याला वाटलं आता पाडणार. कुदो कान लावून ऐकत राहिला, मग वरूनच म्हणाला, "वहिनी, मान जाईल बहुधा. घालू घाव?" बर्फाच्या कात्सुजीची जीभ दातांत होती, कुदोचं डोकं त्याच्या हनुवटीला लागत होतं, आणि नोबुएला खालून दिसलं की हा घाव पडला आणि मुंडकं घरंगळत तिच्या पायाशी आलं तर ती इथेच, या बटाटे खाणाऱ्या लोकांत, वेडी होईल. राहू द्या, म्हणाली ती. उतरा खाली. मेलेल्याच्या कपड्यांतला का होईना, उभा तरी आहे. असं आपण मनात म्हटलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

सोहळा संपला की दुसऱ्या दिवशी यंत्रं येतात आणि सगळं पाडून टाकतात, आणि कात्सुजीला त्यातला तोच दिवस सगळ्यांत आवडायचा. तो नोबुएला मुद्दाम घेऊन यायचा. आपली पाटी पंधरा वर्षं टिकते आणि रस्त्यावरचं कुत्रं तिच्याकडे बघत नाही, म्हणायचा, आणि हा पुतळा आठवडाभर टिकतो तर सगळा गाव लोटतो. यंत्राचा दात पुतळ्याच्या पोटात घुसला की तो टाळी वाजवायचा, डावा तळवा उजव्यावर. त्याचं सगळंच डावीकडून. शाळेत मास्तर त्याचा डावा हात पाठीमागे बांधून ठेवत, आणि तो पट्टी सुटली की मुकाट्याने पेन्सिल पुन्हा डाव्या हातात घेई. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जेवताना त्यांचे हात एकमेकांवर आपटले आणि चॉपस्टिक्स आमटीत पडल्या, तेव्हापासून नोबुए त्याच्या उजव्या बाजूला बसत आली. पुढे त्या डाव्या हातावरच संसार चालला. काचेच्या दारांवर आतून अक्षरं रंगवायची म्हणजे ती उलटी रंगवावी लागतात, म्हणजे रस्त्यावरून सुलटी दिसतात, आणि दुसरे पेंटर ज्या कामाला नाकं मुरडत ते काम हा शीळ घालत करी. तुम्हाला उलटं म्हणून वाटतं, म्हणायचा, मला दुनिया अशीच दिसते. नोबुए बाहेर फुटपाथवर उभी राहायची, काचेच्या आत त्याचं तोंड, दातांत जीभ, आणि तिच्या आणि त्याच्या मध्ये एकेक अक्षर तिच्या बाजूने उमटत जायचं. एकदा न्हाव्याच्या दुकानाच्या काचेवर त्याने सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत तिचं नाव लिहिलं आणि ती वाचेपर्यंत बोटाने पुसूनही टाकलं.

त्या काचेमुळेच तिला ते सुचलं असावं. किंवा कुदोच्या आरशामुळे. चूक आरशातून आली होती, तर ती आरशातूनच परत जाईल. तिने फोटो काढले, बाजारपेठेच्या नावाची बर्फातली अक्षरं चौकटीत येणार नाहीत अशा बेताने, नुसता कमरेपासून वरचा पुतळा आणि मागे आकाश. मग ती फोटोच्या दुकानात गेली आणि म्हणाली, यातला एक उलटा छापून द्या. दुकानदाराने तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. लोक उलटं आलं म्हणून भांडायला येतात, म्हणाला, मागायला आलेल्या तुम्हीच पहिल्या. सगळं उलटं होईल बरं का बाई, पाट्याबिट्या असतील तर वाचता यायच्या नाहीत. त्यात अक्षरं नाहीत, नोबुए म्हणाली, आणि तिला स्वतःच्या हुशारीचा त्या दिवसातला पहिला आणि शेवटचा अभिमान वाटला. फोटो आल्यावर तिने तो दुकानातच दिव्याखाली धरून पाहिला. डावी बाजू वर होती. उजवी आत. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं, गळ्यापाशीच पाहिलं, तिला दुसरं काही दिसतच नव्हतं.

ट्राममध्ये तिने फोटो दोन्ही हातांत धरून ठेवला होता, पिशवीत ठेवायला जीव होईना. आणि बसल्या बसल्या तिने मनात एक करार करून टाकला, कुणाशी ते तिलाही माहीत नव्हतं. हा फोटो पाहून त्याला काही कळलं नाही तर तो बरा होईल. डॉक्टर चुकतात. पोट उघडून पाहिलं म्हणजे काय सगळं दिसतं? लोक सबंध पुतळा पाहतात आणि त्यांना बाजू दिसत नाही. तशी त्यांचीही चूक झाली असेल, डावं-उजवं झालं असेल. इथे डावी बाजू वर आलीच की, तिने आणली, दुकानात उभी राहून, स्वतःच्या जबाबदारीवर. मग तिकडेही येईल. हा शुद्ध वेडेपणा आहे हे तिला कळत होतं, आणि तरी ती तो सोडत नव्हती, कारण तो सोडला तर हातात काहीच उरत नव्हतं. समोर बसलेल्या म्हातारीने तिला विचारलं, बाई, बरं वाटत नाही का. नोबुए म्हणाली, छान वाटतंय.

धुण्याच्या खोलीत तिने तोंड धुतलं, गाल चोळले, आणि आत गेली. शेजारच्या खाटेचा पडदा ओढलेला होता. कात्सुजी उशांना टेकून बसला होता, मान केवढीशी झालेली. "आणलास?" म्हणाला, आणि तिने दिलेला फोटो डाव्या हाताने घेतला.

आधी तो हसला. कान बघ कसे काढलेत, म्हणाला, हत्ती केलाय माझा. मग जिभेवरून कुदोला एक शिवी दिली. नोबुए त्याचे डोळे पाहत होती. ते तोंडावरून गळ्यावर आले, गळ्यावरून छातीवर, आणि न थांबता खाली उतरले. तिचा जीव भांड्यात पडला. पेज गरम करून आणते, म्हणाली, आणि उठलीसुद्धा.

"हा उजवा हात कुणाचा?" कात्सुजी म्हणाला.

ती उभ्या जागी थांबली. फोटोतल्या पुतळ्याचा ब्रश उजव्या हातात होता. इतकी वर्षं ज्या डाव्या हाताला सांभाळून बसून ती जेवली, तो फोटोत उजवा झालाय हे तिला दिसलंच नव्हतं. कुदो विसरला असेल, म्हणाली ती, गडबडीत. कात्सुजीने मान हलवली. कुदो विसरणार नाही, तो शाळेपासून मला डावरा म्हणून हाक मारतो. त्याने फोटो जरा तिरपा केला, काचेवरचं एखादं अक्षर तपासताना करी तसा. "उलटा छापलाय हा," म्हणाला. दुकानदाराची चूक, नोबुए म्हणाली. उलट्याचं सुलट करण्यात जन्म गेला होता त्याचा, त्याला वेळ लागत नव्हता, आणि हातच्या काकणाला आरसा कशाला? ती पाहत राहिली. त्याची नजर ब्रशावरून निघाली आणि सावकाश वर चढत गेली, मनगट, कोपर, खांदा, आणि गळ्याच्या त्या दोन बाजूंपाशी येऊन थांबली. आणि तिथेच राहिली. बाहेर छपरावरून बर्फाची लादी धपकन खाली पडली. पडद्यापलीकडचा माणूस खोकला. नोबुएला ओरडून सांगायचं होतं की तसं नाही, तो कुदोचा मूर्खपणा, तो आरसा, आणि हे सगळं अगदी खरं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. नुसती कुदोची चूक असती तर ती हसत हसत सांगत आली असती. ती लपवायला धावली, त्यातच सगळं आलं.

"दुकानदार हसला असेल तुला," कात्सुजी म्हणाला.

"हसला."

त्याने फोटो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. "कधीपासून एकटीच घेऊन फिरतेयस?"

"बर्फ साचायला लागल्यापासून," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर रडली. तोंड धुवायला जावं असं तिच्या मनातही आलं नाही. तो तिला गप्प हो म्हणाला नाही. मग म्हणाला की अंग घामाने भिजलंय, कपडे बदल. रोज याच वेळी बदलायची ती. तिने कपाटातला धुतलेला सुती किमोनो काढला, भिजलेला उतरवला, त्याच्या बरगड्या पुसल्या, पोटावरच्या शिवणीभोवती हलक्या हाताने पुसलं, बाह्या चढवल्या, आणि दोन्ही बाजू दोन हातांत धरून त्याच्यासमोर बसली. आणि तिचे हात थांबले. समोरच्याची डावी म्हणजे आपली उजवी. की आरशातली? आईचा धपाटा आठवेना, जावेचं मनगट धरणं तेवढं आठवलं. सगळ्या जन्माची सवय हातांतून निघून गेली होती, आणि दोन्ही बाजू तिला सारख्याच दिसत होत्या. ती घाबरून त्याच्या तोंडाकडे पाहायला लागली.

कात्सुजीने तिचं मनगट धरलं. बोटांत जोर राहिला नव्हता. "उजवी आत," तो म्हणाला. तिने उजवी आत घेतली. "डावी वर." तिने डावी वर घेतली, सुरकुती सारखी केली, आणि पट्टा बांधला.

"सध्या असंच," तो म्हणाला. "आणि नंतर उलटा घालायचा तेव्हाही तूच घाल. तुझ्या जावेला हात लावू देऊ नकोस, ती फार ओढते."

"बरं," नोबुए म्हणाली, आणि गाठ जरा सैल केली.